कोळसा, पोलाद आणि युरोपची शांति

ऱ्हाईन नदीला उजव्या अंगानें येऊन मिळणारी रूर ही एक लहानशी नदी आहे. आपल्या भीमेशीं तुलना केली तर लांबीला ती जेमतेम पाव हिश्शाची भरेल. तिच्या कांठीं तीर्थक्षेत्र नाहीं, कीं राजधानी नाहीं. तथापि १८७१ पासून पुढच्या ऐंशीं वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी ह्यांनीं एकमेकांशीं जें वैर केलें आणि अखेर जो समेट केला, त्या दोहोंचेंहि मूळ शोधूं गेल्यास आपण पुनःपुन्हां ह्या नदीच्या खोऱ्यांत येऊन पोंचतों. कारण ह्या खोऱ्याच्या भूमीखालीं कोळसा होता. ओरिसांतील राउरकेल्याचा पोलादाचा कारखाना ज्यांनीं पाहिला असेल त्यांना तर हें खोरें अगदींच परकें वाटूं नये. १९५० नंतरच्या दशकांत तो कारखाना उभारतांना ज्या क्रुप व डेमाग ह्या जर्मन कंपन्यांचें साहाय्य घेण्यांत आलें, त्या ह्याच खोऱ्यांतल्या.

व्यापार वाढला कीं वैर कमी होतें, हें मत आपण सारेच कळत नकळत बाळगून असतों. दुकानदार गिऱ्हाइकाशीं भांडत नाहीं. मग दोन राष्ट्रें एकमेकांचीं गिऱ्हाइकें झालीं म्हणजे तीं तरी कशाला भांडतील, असा हा सरळ हिशेब. युरोपनें हा हिशेब गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत अनेकदां मांडून पाहिला. बहुतेक वेळां तो चुकला; एकदां मात्र बरोबर आला. तो एकदांच बरोबर कां आला, एवढ्याच प्रश्नाचा मी आज विचार करणार आहें.

त्यासाठीं आरंभीं थोडें धातुशास्त्र ऐकून घ्यावें लागेल. लोहखनिजांतून लोखंड काढावयाचें तर झोतभट्टींत त्याच्या जोडीला कोक लागतो, आणि वाटेल त्या कोळशाचा चांगला कोक होत नाहीं. रूरच्या कोळशाचा उत्तम होतो. लोहखनिज मात्र तेथें पुरेसें नाहीं. तें विपुल आहे लोरेन प्रांतांत. परंतु लोरेनच्या खनिजांत फॉस्फरस फार असल्यामुळें त्याचें पोलाद ठिसूळ होई, म्हणून १८७१ मध्यें बिस्मार्कनें आल्सेस व लोरेनचा एक भाग फ्रान्सपासून हिसकावून घेतला तेव्हां ह्या खनिजाचें मोल फारसें नव्हतें. तें वाढविलें एका इंग्रज कारकुनानें. सिडनी गिलख्रिस्ट टॉमस हा लंडनच्या पोलीस कोर्टांत नोकरी करी आणि फावल्या वेळांत रसायनशास्त्राचा नाद जोपाशी. त्यानें व त्याच्या एका चुलतभावानें १८७८ च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, भट्टीला आंतून चुन्याच्या जातीचें अस्तर दिलें तर फॉस्फरस मळींत उतरतो व पोलाद शुद्ध निघतें. ती मळीहि खत म्हणून शेतांत उपयोगीं पडूं लागली. एका कारकुनाच्या फावल्या वेळानें दोन साम्राज्यांचें भवितव्य पालटावें, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

ह्यानंतर रूरचा कोक लोरेनकडे व लोरेनचें खनिज रूरकडे, असा ओघ सुरू झाला. निसर्गानें जणूं एकच कारखाना निर्माण केला होता. फक्त त्याच्या मधून राष्ट्रांची सरहद्द जात होती. १९१४ पूर्वींच्या दहापंधरा वर्षांत हें दळणवळण इतकें वाढलें कीं, रूरमधील थिसेनसारखा कारखानदार खुद्द नॉर्मंडींत भांडवल घालूं लागला, आणि फ्रेंच झोतभट्ट्या जर्मन कोकावर धगधगूं लागल्या. १९१० सालीं नॉर्मन एंजल ह्या इंग्रज लेखकाचा ‘द ग्रेट इल्यूजन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परस्परांत गुंतलेल्या अर्थव्यवहारामुळें आतां जेत्यालाहि युद्ध परवडणार नाहीं, असा त्याचा युक्तिवाद होता. वाचकांनीं त्याचा अर्थ, आतां युद्ध होणारच नाहीं, असा करून घेतला. चार वर्षांनीं युद्ध झालें. एंजलचा हिशेब चुकला नव्हता. युद्ध कोणालाच परवडलें नाहीं. पण न परवडणाऱ्या गोष्टी माणसें करतात, आणि राष्ट्रें तर त्या मोठ्या समारंभानें करतात. १९१६ सालीं ज्या व्हर्दूनच्या परिसरांत लाखों माणसें कापली गेलीं, तेथून लोरेनच्या खाणी दोन दिवसांच्या पायीं चालीहून दूर नाहींत.

व्हर्सायच्या तहानें १९१९ मध्यें लोरेन फ्रान्सकडे परत आला, आणि सार नदीकांठच्या कोळशाच्या खाणी पंधरा वर्षें फ्रान्सच्या ताब्यांत गेल्या. रूर मात्र जर्मनीकडे राहिला. म्हणजे झोतभट्ट्या व खनिज एका राष्ट्राजवळ आणि कोक दुसऱ्याजवळ, व तें दुसरें राष्ट्र युद्धदंडाच्या ओझ्याखालीं दांतओठ खात बसलेलें. ह्या स्थितींत जें व्हावयाचें तेंच झालें. ११ जानेवारी १९२३ रोजीं फ्रान्स व बेल्जम ह्यांचीं सैन्यें रूरमध्यें शिरलीं. कारण काय दाखविण्यांत आलें? युद्धदंडापोटीं जर्मनीनें द्यावयाचे तारायंत्राचे खांब व कोळसा ठरल्या प्रमाणांत पोंचले नव्हते. खांबांसाठीं सैन्य चालून गेल्याचें दुसरें उदाहरण माझ्या तरी आढळांत नाहीं.

जर्मन सरकारनें निःशस्त्र प्रतिकाराचा आदेश दिला. हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. पण तेथें त्याचें स्वरूप निराळें होतें. खाणकामगारांनीं हत्यार खालीं ठेवावें, आगगाडीवाल्यांनीं गाडी सोडूं नये, आणि त्यांच्या मजुरीसाठीं सरकारनें नोटा छापाव्या, अशी ती योजना होती. ३१ मार्च रोजीं एसेन शहरांत क्रुपच्या कारखान्यांत फ्रेंच शिपायांची एक तुकडी मोटारी ताब्यांत घेण्यासाठीं गेली. भोंगे वाजले, हजारों कामगार जमले, शिपाई बिथरले व गोळीबार होऊन तेरा कामगार ठार झाले. शिक्षा मात्र कारखान्याच्या मालकाला झाली. फ्रेंच लष्करी न्यायालयानें गुस्ताफ क्रुप ह्यास पंधरा वर्षांची कैद ठोठावली आणि कांहीं महिन्यांतच सोडून दिलें. इकडे नोटा छापण्याचा परिणाम सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर १९२३ मध्यें एका अमेरिकन डॉलरला ४ लाख २० हजार कोटि मार्क पडूं लागले. ज्या शिक्षकानें, ज्या विधवेनें, ज्या निवृत्त कारकुनानें जन्मभर काटकसर करून चार पैसे पेढींत ठेवले होते, त्यांच्या साऱ्या ठेवींत पावाची एक लादी येईना. ह्या मध्यमवर्गाच्या मनांत जो कडवटपणा सांचला त्याचा हिशेब दहा वर्षांनीं साऱ्या जगाला चुकता करावा लागला. आणि फ्रान्सच्या पदरीं काय पडलें? १९२४ च्या आरंभीं त्याचाहि फ्रँक घसरला, आणि पुढच्या वर्षीं सैन्य मुकाट्यानें परत आलें. संगिनीच्या टोंकानें कोळसा खणतां येत नाहीं, एवढें ज्ञान मात्र पदरांत पडलें.

मग कारखानदारांनीं आपसांत मार्ग काढला. १९२६ च्या सप्टेंबरांत जर्मनी, फ्रान्स, बेल्जम, लक्झेंबर्ग व सार येथील पोलादवाल्यांनीं एक संघ स्थापून कोणीं किती पोलाद काढावें ह्याचे वांटे ठरविले. लक्झेंबर्गचे उद्योगपति एमिल मायरिश हे त्याचे सूत्रधार. हे गृहस्थ मनापासून फ्रेंच-जर्मन सलोख्याचे पुरस्कर्ते होते, आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांनीं ह्या संघाचें कौतुकहि पुष्कळ केलें. परंतु हा संघ दुकानदारांचा होता. दर पडूं नयेत हें त्याचें ध्येय होतें. गिऱ्हाइकाची, कामगाराची किंवा शांततेची काळजी वाहण्याचें काम त्यावर कोणीं सोंपविलेंच नव्हतें. हिटलर सत्तेवर आल्यावर रूरच्या भट्ट्यांतून तोफा बाहेर पडूं लागल्या, तेव्हां त्यांस विचारणारें कोणीहि उरलें नाहीं. १९४० सालीं लोरेनच्या खाणी पुन्हां एकदां जर्मनांच्या हातीं गेल्या.

आतां १९४५ नंतरच्या काळाकडे वळूं. जर्मनी जमीनदोस्त झाला होता, आणि फ्रान्समधील बऱ्याच मुत्सद्द्यांची बुद्धि अजून १९२३ मध्येंच घोटाळत होती. रूर जर्मनीपासून तोडावा, तो जमत नसेल तर निदान त्याच्यावर परकी पहारा ठेवावा, ही त्यांची मागणी. १९४९ मध्यें रूरसाठीं एक आंतरराष्ट्रीय मंडळ नेमण्यांतहि आलें. पण अमेरिकेला रशियाच्या भयानें पश्चिम जर्मनी लवकर सावरावयास हवा होता, त्यामुळें हा पहारा फार दिवस टिकणार नाहीं हें उघड दिसत होतें. अशा वेळीं झां मोने नांवाच्या एका विलक्षण माणसानें कोडें उलटें करून पाहिलें.

मोने हे कोन्याक गांवच्या ब्रँडीच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. विश्वविद्यालयाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती, निवडणूक त्यांनीं कधीं लढविली नाहीं. पहिल्या महायुद्धांत इंग्लंड-फ्रान्सचीं जहाजें एका व्यवस्थेखालीं चालविण्याच्या कामांत ते होते, आणि प्रत्येकानें आपापलें जहाज राखण्यापेक्षां सर्वांचीं जहाजें एकत्र हांकलीं तर दोघांचेंहि भागतें, हा धडा ते तेथें शिकले. १९५० च्या वसंत ऋतूंत आल्प्स पर्वतांत पायीं भटकून आल्यावर त्यांनीं आपल्या थोड्या सहकाऱ्यांच्या मदतीनें एक मसुदा तयार केला. त्यांतील कल्पना अशी. रूर जर्मनीचा कीं फ्रान्सचा, हा वादच सोडून द्यावा. दोन्ही देशांचा सारा कोळसा व सारें पोलाद एका समान अधिकाऱ्याच्या हातीं द्यावें, आणि इतर राष्ट्रांना त्यांत येण्याची मुभा ठेवावी. ज्या दोन पदार्थांवांचून तोफ ओततां येत नाहीं, ते दोन्ही पदार्थ एकमेकांच्या डोळ्यांसमोर राहिले म्हणजे गुपचूप युद्धाची तयारी करणें अशक्य होईल.

हा मसुदा ज्यांच्या हातीं पडला ते परराष्ट्रमंत्री रोबेर शूमां ह्यांचें चरित्रहि लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांचे वडील लोरेनचे. १८७१ च्या तहानें ते जर्मन प्रजाजन झाले. शूमां लक्झेंबर्गमध्यें जन्मले, बॉन, म्युनिक, बर्लिन येथें शिकले, आणि लोरेन परत आल्यावर फ्रेंच नागरिक झाले. जर्मनीचे चॅन्सेलर आडेनौअर हे ऱ्हाईनकांठच्या कोलोनचे. इटलीचे द गास्पेरी हे ऑस्ट्रियाच्या अंमलाखालील त्रेंतोचे, एके काळीं व्हिएन्नाच्या पार्लमेंटांत बसलेले. तिघेहि सरहद्दीवरचे, आणि तिघांनाहि जर्मन बोलतां येई. सरहद्दीवरच्या माणसाला सरहद्दीची किंमत जितकी कळते तितकी राजधानींतल्या माणसाला कळत नाहीं, असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

९ मे १९५० रोजीं संध्याकाळीं पॅरिसच्या परराष्ट्र कचेरींत शूमां ह्यांनीं ही योजना जाहीर केली. त्याच दिवशीं सकाळीं त्यांच्या खास दूतानें बॉनला जाऊन आडेनौअर ह्यांची संमति आणली होती. सारें इतक्या घाईनें व गुप्ततेनें झालें कीं, छायाचित्रकारांस बोलावण्याचें कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं, आणि तो ऐतिहासिक प्रसंग पुढें कांहीं महिन्यांनीं पुन्हां नाटकाप्रमाणें वठवावा लागला! इंग्लंडला आधीं कळविलेंच नव्हतें. तेथील मजूर सरकारनें १९४७ मध्यें कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या होत्या व पोलादाचें राष्ट्रीयीकरण हातीं घेतलें होतें. तें धन परक्या मंडळाच्या हातीं देण्यास तें कबूल होईना. १८ एप्रिल १९५१ रोजीं फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जम, हॉलंड व लक्झेंबर्ग ह्या सहा राष्ट्रांनीं पॅरिसला तहावर सह्या केल्या. तहाची प्रत फ्रान्समध्यें छापली होती. कागद हॉलंडचा, शाई जर्मनीची, बांधणी बेल्जम-लक्झेंबर्गची आणि रेशमी फिती इटलीच्या होत्या. तहाची मुदत पन्नास वर्षांची होती.

ह्या तहाचें मर्म समारंभांत नव्हतें, बारीक कलमांत होतें. लक्झेंबर्ग शहरांत नऊ जणांचें एक उच्चाधिकार मंडळ बसलें, व मोने त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ह्या नऊ जणांनीं आपापल्या सरकारांची आज्ञा घ्यावयाची नव्हती. त्यांना कोळसा-पोलादाच्या उत्पादनावर स्वतःचा कर बसवितां येत असे. त्यांचा निर्णय न पटल्यास दाद मागावयास स्वतंत्र न्यायालय होतें, आणि जाब विचारण्यास एक सभाहि होती. १९५३ च्या फेब्रुवारींत कोळसा व लोहखनिज आणि मे महिन्यांत पोलाद, ह्यांवरील सहा राष्ट्रांमधील जकाती उठल्या. पण जकाती हा सोपा भाग. खरी मेख रेल्वेच्या भाड्यांत होती. लांबच्या पल्ल्याला मैलामागें भाडें कमी पडतें, हें आपण जाणतोंच. परंतु सरहद्द आली कीं हिशेब पुन्हां नव्यानें सुरू होई. एकाच वाघिणीचा एकच प्रवास कागदोपत्रीं दोन लहान प्रवास ठरून महाग पडे. शिवाय देशांतल्या गिऱ्हाइकाला एक दर आणि परदेशच्याला दुसरा, हा जुना रिवाज होताच. हे दुहेरी दर बंद करणें व १९५५ पासून सरहद्दीपलीकडे सलग भाडें चालू करणें, असलीं रुक्ष कामें ह्या मंडळानें केलीं. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत अशा कामांना जागा मिळत नाहीं. मला मात्र वाटतें कीं, एसेनची वाघीण मेत्सला पोंचेपर्यंत तिचा एकच हिशेब होऊं लागला, त्याच दिवशीं १९२३ सालाचा खरा अंत झाला.

ह्या यशाची किंमत कोणीं दिली, हेंहि सांगितलें पाहिजे. बेल्जमच्या खाणींत उतरावयास बेल्जन तरुण तयार नव्हते. म्हणून १९४६ च्या करारानें इटलीनें आपले बेकार मजूर पाठवावे व मोबदल्यांत कोळसा घ्यावा असें ठरलें होतें. माणसें देऊन कोळसा घेण्याचा हा सौदा. ८ ऑगस्ट १९५६ रोजीं मार्सिनेल येथील खाणींत आग लागून २६२ माणसें मेलीं. त्यांतलीं १३६ इटालियन होतीं. त्यानंतर कोठें खाणींच्या सुरक्षिततेसाठीं सहा राष्ट्रांचें कायम मंडळ नेमलें गेलें. मंडळांच्या इमारतींतून शांतता उतरते असें म्हणणाऱ्यांनीं ह्या खाणीच्या तोंडाशीं थोडा वेळ उभें राहावें.

आणि एक मोठें काम अर्धेंच राहिलें. जून १९५० मध्यें कोरियांत युद्ध पेटलें. जर्मनांच्या हातीं पुन्हां शस्त्र द्यावें असा अमेरिकेनें आग्रह धरला. त्यावर फ्रान्सनें कोळशाचाच मार्ग सुचविला कीं, सहा राष्ट्रांचें एकच सैन्य करावें. तहहि झाला, १९५२ मध्यें. पण ३० ऑगस्ट १९५४ रोजीं खुद्द फ्रेंच पार्लमेंटनेंच तो ३१९ विरुद्ध २६४ मतांनीं फेटाळला. भट्टी समाईक करतां आली, तलवार समाईक करवेना. पुढच्या वर्षीं पश्चिम जर्मनी नाटो ह्या अमेरिकेच्या नेतृत्वाखालील संघांत गेला. तेव्हांपासून युरोपचा व्यापार एका घरांत आणि संरक्षण दुसऱ्या घरांत, अशी विभागणी होऊन बसली. १९५७ च्या रोमच्या तहानें पहिलें घर भराभर वाढलें. दुसऱ्याचें भाडें बव्हंशीं अमेरिका भरीत होती, त्यामुळें कोणाला तक्रार नव्हती. जुलै २०२५ मध्यें अमेरिकेनें युरोपच्या बहुतेक मालावर १५ टक्के जकात बसविली व युरोपनें ती मान्य केली. हा प्रश्न केवळ व्यापाराचा नसून युक्रेनच्या व आपल्या संरक्षणाचाहि आहे, असें युरोपच्या व्यापारखात्याच्या प्रमुखांनींच तेव्हां बोलून दाखविलें. १९५४ च्या त्या मतदानाचें बिल एकाहत्तर वर्षांनीं आलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

कोळशाचें महत्त्व मात्र तोंवर ओसरलें होतें. १९५८ पासून स्वस्त खनिज तेलापुढें त्याचे ढीग खाणींच्या तोंडाशीं पडून राहूं लागले. त्याच्या जागीं पुढें नैसर्गिक वायु आला, आणि येथें आपण पुन्हां त्याच एसेन शहरांत येतों. १ फेब्रुवारी १९७० रोजीं तेथील एका हॉटेलांत सोव्हिएट रशियाशीं करार झाला. जर्मनीच्या मानेसमान कंपनीनें मोठ्या व्यासाचे पोलादी नळ द्यावे, जर्मन पेढ्यांनीं कर्ज द्यावें, आणि त्याची फेड सैबेरियाच्या वायूनें व्हावी. ह्याच नळांची विक्री १९६२ सालीं नाटोनें बंद पाडली होती. आतां चॅन्सेलर ब्रांट ह्यांच्या राजवटींत, जवळीक वाढली कीं रशियांत पालट होईल, असा विचार प्रबळ झाला. तो भोळा होता असें मी म्हणणार नाहीं. १९७३ पासून वायु आला आणि शीतयुद्धाच्या अत्यंत कडाक्याच्या वर्षांतहि तो येतच राहिला. १९८२ मध्यें अध्यक्ष रीगन ह्यांनीं नव्या नळमार्गासाठीं लागणाऱ्या सामानावर बंदी घातली, तेव्हां त्यांच्या परम स्नेही मिसेस थॅचरसुद्धां युरोपच्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि ती बंदी कांहीं महिन्यांत उठली.

पण ह्या व्यवहारांत आणि १९५१ च्या तहांत एक फरक होता, आणि माझ्या मतें सारें कांहीं त्या फरकांत आहे. रूरच्या बाबतींत दोन्ही पक्ष एका तिसऱ्याच्या अधीन होते. एकमेकांची वही पाहण्याचा, न्यायालयांत खेंचण्याचा त्यांना हक्क होता. वायूच्या बाबतींत नुसता विक्रीचा करार होता. तोटी एकाच्या हातीं, तहान दुसऱ्याला. कोणी विचारील कीं, रशियाशीं समान सत्ता स्थापन करणें शक्य तरी होतें काय? मोने ह्यांच्यापुढें पराभूत जर्मनी होता व पाठीशीं अमेरिका होती, ही गोष्ट खरी. तरीहि प्रयत्न झाला होता. १९९४ च्या डिसेंबरांत लिस्बन येथें ऊर्जेच्या व्यापारासाठीं समान नियमांचा एक तह झाला. रशियानें त्यावर सही केली, पण आपल्या पार्लमेंटची मान्यता कधींच घेतली नाहीं, आणि २००९ मध्यें त्यांतून अंगहि काढून घेतलें. हें घडत असतां खरेदी थांबली नाहीं, उलट वाढली.

इशारे कमी नव्हते. जानेवारी २००९ मध्यें रशिया-युक्रेनच्या तंट्यांत सुमारें दोन आठवडे वायु तुटला आणि ऐन हिंवाळ्यांत बल्गेरिया व स्लोव्हाकियांत हाल झाले. असल्या तंट्यांवर जर्मनीचा तोडगा म्हणजे युक्रेन-पोलंडला वगळून बाल्टिक समुद्राच्या तळानें १,२२४ किलोमीटरचा नळ. तो २०११ मध्यें सुरू झाला. त्याची तुलना पोलंडच्या संरक्षणमंत्र्यांनीं २००६ मध्येंच १९३९ च्या हिटलर-स्टालिन कराराशीं केली होती. तेव्हां लोकांस ती पोलिश तिखटपणाची वाटली. २०१४ मध्यें रशियानें क्रिमिया घेतला, तरी पुढच्याच वर्षीं जर्मनीच्या रेडेन येथील भूगर्भांतील प्रचंड वायुकोठार रशियन कंपनीच्या पूर्ण ताब्यांत गेलें. माल त्याचा, नळ त्याचा, आणि आतां आपल्या घरचें कणगेंहि त्याच्याच हवालीं! २०२१ च्या हिंवाळ्यांत हें कोठार जवळजवळ रितें आढळलें. त्या वर्षीं युरोपियन संघाच्या वायूच्या आयातीपैकीं सुमारें ४५ टक्के वायु रशियाचा होता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियन रणगाडे युक्रेनमध्यें शिरले, ऑगस्टच्या अखेरीस बाल्टिकचा नळ कोरडा पडला, आणि २६ सप्टेंबरला समुद्रतळाशीं स्फोट होऊन तो फुटला. रूरची कोळशाची शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरांतच बंद झाली होती. त्यामुळें बंद ठेवलेलीं वीजकेंद्रें जर्मनीनें पुन्हां पेटविलीं, तीं जहाजानें आणलेल्या परदेशी कोळशावर.

कोळसा-पोलादाचा तह त्याची पन्नास वर्षें भरतांच २३ जुलै २००२ रोजीं संपला होता. उच्चाधिकार मंडळाची आठवण आतां ग्रंथालयांतच उरली आहे, असें त्या वेळीं अनेकांस वाटलें असेल. परंतु २०२२ च्या त्या हिंवाळ्यापूर्वीं युरोपियन संघानें नियम केला कीं, सर्व सभासद राष्ट्रांनीं आपलीं वायुकोठारें १ नोव्हेंबरपर्यंत ८० टक्के भरलींच पाहिजेत. रेडेनचें कोठार जर्मन सरकारनें आधींच आपल्या देखरेखीखालीं घेतलें होतें. आणि १९५१ ची कांहींशी आठवण व्हावी अशी एक तरतूद त्या वर्षाच्या अखेरीस निघाली. कोठारें भरण्यासाठीं लागणाऱ्या वायूच्या १५ टक्के इतकी मागणी प्रत्येक राष्ट्रानें एकत्र नोंदविण्याची सक्ति झाली. उरलेला ज्यानें त्यानें आपापला घ्यावा. अशा समाईक मागणीचा पहिला पुकारा मे २०२३ मध्यें झाला. किती घेऊं, कोणाकडून घेऊं, ह्याचा अखेरचा सौदा मात्र त्यांतहि ज्याचा त्यानेंच करावयाचा होता.